आरशात चेहरा दिसतोय का?

‘दिसत नाही का तुम्हाला?’

रागाच्या भरात आपण सगळेच हा प्रश्न कुणाला ना कुणाला विचारतो. सिग्नलला, गल्लीच्या वळणावर, पार्किंगमध्ये. उत्तराची अपेक्षा कुणालाच नसते. मला मात्र मागच्या महिन्यात उत्तर मिळालं.

कळंबोली सर्कलजवळची गोष्ट. मी स्कूटीवरून कामोठ्याला घरी निघाले होते. उजवीकडे एक लांबलचक ट्रेलर, त्यावर पांढऱ्या रंगाची प्रचंड टाकी. रस्ता तुंबला होता आणि ट्रेलरच्या डाव्या बाजूला एक छान मोकळी पट्टी दिसत होती. तुम्ही काय केलं असतं? मीही तेच केलं. घुसले. अर्ध्यात पोहोचले आणि टाकी माझ्याकडे सरकायला लागली. हॉर्न दाबला, पण त्या गोंगाटात स्कूटीच्या हॉर्नला कोण विचारतो? मग वरून दारावर धाडधाड हात आपटल्याचा आवाज आला आणि एक पोरगा जिवाच्या आकांताने ओरडला, ‘रोको, रोको!’ ट्रेलर थांबला. टाकी आणि माझं हेल्मेट यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरली होती.

थरथरत स्कूटी पुढे काढली, ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेले आणि तो प्रश्न विचारला. माझ्या बाबांच्या वयाचे काका होते. ते उलटे ओरडले नाहीत. मान हलवून म्हणाले, ‘नाही दिसत, ताई. खरंच नाही दिसत.’

नंतर रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनीच सांगितलं. टाकी चाकणच्या बाजूने आली होती, न्हावा-शेव्याला बंदरावर चालली होती. घाट उतरल्यावर एका झाडाच्या फांदीला लागून डाव्या बाजूचा ‘वाढीव आरसा’ दांड्यासकट तुटला. तिथपासून कळंबोलीपर्यंत ते त्या पोराच्या, म्हणजे क्लीनरच्या भरवशावर आले होते. ‘उद्या सकाळी स्टील मार्केटच्या मागे आरसा बसवून घेणार. त्याशिवाय गाडी हलवणार नाही आता.’

माझी इंटर्नशिप सुरू होऊन दीड महिना झाला होता. ‘रोज दिसतं पण कुणी लिहीत नाही असं काहीतरी आण,’ असं सिनियर रोज सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी स्टील मार्केटच्या मागे उभी होते.

मोठा लोड, छोटा आरसा

कळंबोली म्हणजे ट्रेलरवाल्यांचं गाव. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे इथूनच सुरू होतो, जेएनपीटीचा रस्ता इथून फुटतो, आणि पोलाद बाजारामुळे कॉइल, पत्रे, गर्डर यांची ये-जा अखंड सुरू असते. त्यामुळे पंक्चरपासून पाट्यांपर्यंत गाडीला लागणारं सगळं इथे मिळतं. आरशेवाल्या मिस्त्रींचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. बाहेर तारेला टांगलेले आरसे, चौकोनी, गोल, कानासारखे लांबट. आत पाइप, पट्ट्या, क्लॅम्प आणि वेल्डिंग मशीन. मी गेले तेव्हा पंधरा-वीस आरशांमध्ये मीच मला दिसत होते, प्रत्येकात वेगळ्या मापाची.

आधी एक शब्द समजून घ्या, ‘ओडीसी’. ओव्हर डायमेन्शनल कार्गो. म्हणजे ठरलेल्या मापात न बसणारा माल. ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, रासायनिक कारखान्याच्या टाक्या, पोकलेन, पुलाचे गर्डर, पवनचक्कीची पाती. साताऱ्यात चाळकेवाडीच्या पठारावर किंवा धुळ्यात साक्रीकडे ज्या पवनचक्क्या तुम्ही रील्समध्ये बघता, त्यांचं प्रत्येक पातं कधीतरी अशाच गाडीवर झोपून तिथे पोहोचलेलं असतं.

आता माप. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९३ सांगतो की गाडीची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त नको. त्याहून रुंद लोड राष्ट्रीय महामार्गावरून न्यायचा तर रस्ते वाहतूक मंत्रालयाची वेगळी परवानगी लागते. ती ऑनलाइन मिळते. गंमत अशी, की ही २.६ मीटर रुंदी मोजताना आरसा धरत नाहीत. नियमातच तशी सूट आहे. कारण उघड आहे. आरसा बाहेर आला नाही तर तो मागचं दाखवणार कसा?

पण ही सूट ट्रकच्या रुंदीपुरता विचार करते. लोडचं काय?

मिस्त्रींनी टेप काढून टाकी मोजली. रुंदी ४ मीटर. हिशेब सातवीतला आहे. ४ मीटरचं अर्धं २ मीटर. २.६ चं अर्धं १.३ मीटर. म्हणजे टाकी प्रत्येक बाजूला ट्रकच्या बाहेर ७० सेंटिमीटर आली. सव्वादोन फूट. कंपनीने दिलेला आरसा केबिनच्या बाहेर येतो साधारण वीतभर. मग त्या आरशात ड्रायव्हरला काय दिसणार? टाकी. फक्त टाकी. पांढरीशुभ्र, नवीकोरी, अख्ख्या आरशाला व्यापून राहिलेली.

माझी स्कूटी गायब झाली तेव्हा

काकांनी मला ओळखलं. ‘काय ताई, भांडायला आलात का शिकायला?’ म्हणाले. मग त्यांनी जे केलं त्यामुळे हा लेख लिहितेय.

मिस्त्रींनी तुटलेल्या दांड्याच्या जागी आधी कंपनीचा मूळ आरसा बसवला होता. काका म्हणाले, ‘तुमची गाडी काल जिथं होती तिथं लावा, आणि वर येऊन बसा माझ्या जागेवर.’ मी स्कूटी टाकीच्या मागच्या टोकाजवळ, डाव्या कडेपासून हातभर अंतरावर उभी केली. वर चढायला तीन पायऱ्या. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला हे लोक ‘घोडा’ म्हणतात. वर बसल्यावर ते नाव पटतं. जमीन खूप खाली राहते.

डाव्या आरशात बघितलं. टाकी. मान पुढे काढली, मागे घेतली, अर्धी उभी राहिले. टाकी. माझी लाल रंगाची स्कूटी, जिच्यावर मी काल बसले होते, ती तिथे नव्हतीच. मागून एक रिक्षा आली, स्कूटीला वळसा घालून निघाली. तिचा आवाज आला, ती दिसली नाही. केबिनच्या दाराशी पोहोचली तेव्हाच एकदम प्रकटली.

काल रागात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता मला स्वतःच्या डोळ्यांनी मिळालं होतं. नाही दिसत, ताई.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे डावी बाजू ड्रायव्हरपासून सगळ्यात लांब. ट्रकवाले तिला ‘क्लीनर साइड’ म्हणतात. नावातच उत्तर आहे. ती बाजू बघायला आरसा नव्हे, माणूस असायचा. दारातून अर्धा बाहेर लटकून, पत्र्यावर हात मारून सांगणारा, ‘जाऊ दे, जाऊ दे, थोडं दाब, बस्स!’ मला वाचवणारा पोरगाही तसाच लटकलेला होता. वय असेल एकोणीस-वीस. उत्तर प्रदेशातल्या कुठल्याशा गावचा. काल तुझा हात दुखला असेल ना, असं विचारलं तर हसला. पण तो जर त्या क्षणी वाकलेला असताना बाजूने एखादा खांब आला असता तर? जे काम आरशाने करायचं ते त्याचं शरीर करत होतं. आणि काका म्हणाले, आता कित्येक गाड्यांवर क्लीनरही नसतो. पगार वाचतो, पण ती बाजू आंधळी राहते.

दांडा कसा बसतो?

वाढीव आरसा म्हणजे काय तर लांब दांड्यावरचा आरसा, एवढंच ना, असं मलाही वाटलं होतं. मिस्त्रींनी ते काम करायला पावणेदोन तास घेतले.

पहिली गोष्ट, माप लोड चढल्यावरच घ्यायचं. कागदावर ४ मीटर असतं, पण बांधायच्या साखळ्या, कडेचे हुक, टाकीला जोडलेले नोझल बाहेर आलेले असतात. सगळ्यात बाहेर आलेला बिंदू शोधायचा आणि आरशाची आतली कड त्याच्याही चार बोटं बाहेर ठेवायची.

दुसरी गोष्ट, दांडा नुसता बाहेर काढून चालत नाही, थोडा पुढेही काढावा लागतो. कारण ड्रायव्हरला आरसा दिसला पाहिजे ना! केबिनच्या काचांच्या मधे लोखंडी खांब असतो. आरसा नेमका त्याच्या मागे लपला तर तो कितीही मोठा असो, फुकट. म्हणून काका सीटवर बसले होते आणि मिस्त्री बाहेरून दांडा सरकवत विचारत होते, ‘दिखा? अब?’

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी टेबलाच्या कडेला धरा, थोडी बाहेर काढा आणि टोकाला टिचकी मारा. थोडीशी थरथरते. आता दुप्पट बाहेर काढा. कशी हलते बघा. इंजिनीअरिंगच्या मित्राला विचारलं तर म्हणाला, हा ‘कँटिलिव्हर’ आहे. तोच पाइप, तेच वजन, पण लांबी दुप्पट केली तर टोकाचा झुकाव दुप्पट नाही, आठपट होतो. आणि थरथर मंद पण मोठी होते. म्हणजे लांब दांड्यावरचा आरसा गाडी सुरू झाली की असा थरथरतो की त्यातली बाइक आणि बैल सारखेच दिसावेत. आरसा आहे, पण बघायला काही नाही.

मिस्त्री इंजिनीअरिंग शिकलेले नाहीत, पण त्यांना हे पक्कं ठाऊक आहे. ते एका दांड्यावर आरसा टांगतच नाहीत. वरून एक, खालून एक असे दोन पाइप, आणि तिरकी तिसरी पट्टी दारापुढच्या कोपऱ्याला. तंबूच्या दोऱ्यांसारखा त्रिकोण. क्लॅम्पखाली रबर. नट सैल होऊ नयेत म्हणून नायलॉनची कडी असलेले. आणि मुळाशी एक बिजागरी, म्हणजे कशाला धडकला तर दांडा मोडण्याऐवजी मागे दुमडेल. ‘कल जो टूटा उसमें ये नहीं था,’ ते म्हणाले. कुणीतरी घाईत सरळ वेल्डिंग मारून दिलं होतं.

शेवटी दांड्याच्या टोकाला लाल-पांढरी चमकणारी टेप. रात्री समोरच्याला ट्रकचे दिवे दिसतात, त्यांच्या बाहेर दोन-सव्वादोन फूट आलेला दांडा दिसत नाही. तो नेमका बाइकवाल्याच्या डोक्याच्या किंवा दुसऱ्या ट्रकच्या आरशाच्या उंचीला असतो. म्हणूनच लोड उतरला की वाढीव आरसा काढून ठेवायचा किंवा आत दुमडायचा. रिकाम्या गाडीवर तो मिरवणं म्हणजे भर बाजारात छत्री आडवी धरून चालणं.

सपाट की फुगीर?

दांड्यावर दोन आरसे बसले. वर मोठा सपाट, खाली छोटा फुगीर. बारावीत फिजिक्सला आपण बहिर्वक्र आरशाची आकृती काढून दोन मार्क घेतले होते, आठवतंय? तोच हा. फुगीर आरसा जास्त रुंद भाग दाखवतो, पण सगळं लहान करून. म्हणून त्यात गाडी लांब असल्यासारखी वाटते.

किती लांब? मी जुन्या वहीतलं सूत्र काढून गणित केलं. संयुक्त राष्ट्रांच्या आर-४६ या आरशांविषयीच्या नियमावलीत ट्रकच्या मुख्य आरशाची वक्रता-त्रिज्या किमान १२०० मिलिमीटर हवी असं म्हटलंय. असा आरसा ड्रायव्हरच्या डोळ्यापासून मीटरभर लांब धरला आणि त्याच्या मागे १० मीटरवर एक स्कूटर असली, तर सपाट आरशात ती ११ मीटरवर असल्यासारखी दिसेल. फुगीर आरशात मात्र ती जवळपास २८ मीटरवर असावी इतकी छोटी दिसते. वाइड-अँगल आरशाला तर ३०० मिलिमीटरपर्यंत त्रिज्या चालते, म्हणजे तो आणखी फुगीर. ड्रायव्हरला वाटतं, ‘बराच वेळ आहे, वळून घेऊ.’ आपण मात्र त्याच्या चाकाशी पोहोचलेलो असतो.

म्हणून दोन्ही लागतात. फुगीर आरसा सांगतो कुणीतरी आहे, सपाट सांगतो किती जवळ आहे. आणि दांडा लांब केला की आरसा डोळ्यापासूनही लांब जातो, त्यातलं सगळं आणखी लहान होतं. त्यामुळे वाढीव आरसा मूळ आरशापेक्षा मोठाच घ्यावा लागतो. मोठा म्हणजे जड, जड म्हणजे पुन्हा थरथर. एक सोडवलं की दुसरं उभं राहतं. पावणेदोन तास का लागले ते आता कळलं.

नियम गाडीचा, धोका लोडचा

भारतात आरशांसाठी एआयएस-००१ आणि एआयएस-००२ अशी मानकं आहेत. पहिलं आरसा कसा असावा ते सांगतं, दुसरं तो कसा बसवावा ते. आरटीओत फिटनेस सर्टिफिकेट देताना जी यादी तपासतात त्यात मागचं दाखवणारा आरसाही असतो. आर-४६ तर किती रस्ता दिसला पाहिजे ते मापून सांगतो. ड्रायव्हरच्या डोळ्याच्या ४ मीटर मागून पुढे १ मीटर रुंदीची पट्टी, आणि ३० मीटर मागून ५ मीटर रुंदीची.

पण ही पट्टी मोजायला सुरुवात कुठून होते? गाडीच्या बाहेरच्या कडेपासून. लोडच्या नव्हे. म्हणजे तपासणीत पास झालेला आरसा टाकी चढताक्षणी निकामी होऊ शकतो, आणि कागदावर गाडी ठणठणीत असते. मधली ती ७० सेंटिमीटरची उणीव भरून काढायचं काम शेवटी पत्र्याच्या शेडमधल्या मिस्त्रींवर येतं.

बाहेर काय करतात? ब्रिटनमध्ये साध्या कारमागे कारपेक्षा रुंद कॅराव्हॅन जोडली तरी वाढीव आरसे लावावे लागतात. मागचं नीट दिसत नसताना ती ओढली तर १००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट. युरोपियन युनियनने २००७ मध्ये ठरवलं की फक्त नव्या नव्हे, जुन्या ट्रकनाही बाजूचं जास्त दाखवणारे आरसे बसवायचे. १ जानेवारी २००० नंतर नोंदवलेल्या, साडेतीन टनांवरच्या ट्रकना ३१ मार्च २००९ ची मुदत होती. लंडनने तर आरशांच्या पुढे जाऊन, ड्रायव्हरला काचेतून थेट किती दिसतं त्यावर १२ टनांवरच्या ट्रकना शून्य ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. मार्च २०२१ पासून त्याची अंमलबजावणी होते. यामागे डावीकडे वळणाऱ्या ट्रकखाली आलेले सायकलस्वार होते. तिथेही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात, आपल्यासारख्याच.

आरशालाही मर्यादा आहे, हेही खरं. पवनचक्कीचं पातं नेणारा ट्रेलर इतका लांब असतो की तिथे आरशाचं काम संपतं. मागच्या चाकांना वळवायला वेगळा माणूस असतो, रिमोट घेऊन. पुढे-मागे पायलट गाड्या. पण टाकी, बॉयलर, पोकलेन नेणाऱ्या रोजच्या गाड्यांना एवढा लवाजमा नेहमी कुठला?

मार कोण खातो?

मिस्त्री काम करत होते तेव्हा काकांशी बोलत बसले. ते मूळचे बीडचे. सव्वीस वर्षं गाडीवर. आरशाचे पैसे कोण देणार, असं विचारलं. ‘तुटला तर ड्रायव्हरचा,’ ते म्हणाले. त्यांच्या मालकाचा हिशेब सोपा आहे. फांदीला लागला म्हणजे तुझी चूक. म्हणजे भत्त्यातून गेले. मग कुणी तुटक्या आरशावरच फेरी मारून नेली तर नवल काय?

‘काल तुम्हाला काही झालं असतं,’ काका म्हणाले, ‘तर लोकांनी आधी मला खाली ओढलं असतं. आरसा तुटलाय हे कुणी बघितलं नसतं. पोरगं ओरडलं होतं हे कुणी ऐकलं नसतं. आणि ताई, मारलं नसतं तरी... मला झोप आली असती का?’

मी काही बोलले नाही. काल त्यांच्यावर ओरडताना मलाही वाटलं नव्हतं की ट्रेलरच्या त्या उंच सीटवर बसलेला माणूस मला घाबरत असेल.

दहाच्या पुढे काम झालं. काकांनी पुन्हा मला वर बसवलं. स्कूटी तिथेच होती. आरशात बघितलं. टाकीची पांढरी कड, तिच्या बाहेर रस्त्याची पट्टी, आणि त्या पट्टीत माझी लाल स्कूटी. खालच्या फुगीर आरशात तर ती, मागचं चहाचं दुकान आणि रस्त्याच्या कडेला झोपलेला कुत्रा, सगळं होतं. इतकी साधी गोष्ट. दोन पाइप, एक पट्टी, दोन काचा. पण त्या काचेत मी होते.

आता तुमच्यासाठी

हा लेख वाचणाऱ्यांतले बहुतेक जण ट्रेलर चालवत नाहीत. आपण स्कूटी, बाइक, सायकल चालवतो, आणि मोकळी पट्टी दिसली की घुसतो. म्हणून काकांनी आणि मिस्त्रींनी सांगितलेलं थोडक्यात.

ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. प्रकाश दोन्हीकडून एकाच वाटेने जातो, हे फिजिक्स आहे, त्यात ओळख-वशिला चालत नाही.

लोड ट्रकपेक्षा रुंद असेल तर आधी त्याचे आरसे बघा. दांडा लोडच्या बाहेर आलेला नसेल तर त्या बाजूला जाऊच नका, विशेषतः डाव्या. मागे राहा, आणि तेही चिकटून नको.

ट्रेलर डावीकडे वळताना आधी थोडा उजवीकडे जातो. ते ‘या, जागा आहे’ असं आमंत्रण नसतं. मागची चाकं वळणात आत कापतात, म्हणून तो जागा करून घेत असतो. आणि घोडा वळला की डाव्या आरशात ट्रेलरची भिंतच येते. चांगला आरसाही त्या काही सेकंदांसाठी आंधळा होतो.

रात्री ओडीसी गाडीजवळून जाताना दिव्यांवरून तिची रुंदी ठरवू नका. दांडा, हुक, लोडची कड दिव्यांच्या बाहेर असू शकते.

आणि क्लीनर दारावर हात मारताना दिसला तर वैतागू नका. तो कदाचित तुमच्यासाठीच मारतोय.

परवा खारघरजवळ सिग्नलला एक ट्रेलर बाजूला येऊन थांबला. पोकलेन होतं त्यावर, बरंच रुंद. मी सवयीने आरसा शोधला. लांब दांड्यावर होता, टोकाला टेप. त्यात एक मिशीवाला चेहरा दिसला. मी हात वर केला. त्याला आधी काही कळलं नाही. मग त्यानेही स्टिअरिंगवरचा हात उचलला.

सिग्नल सुटला. त्याला पुढे जाऊ दिलं आणि मग मी निघाले.